फळ्यावरचं पहिलं नाव

माझ्या मुलीने गेल्या उन्हाळ्यात माझ्या फोनवर जुन्या व्हिडिओ गेमचा एक संच उतरवून घेतला. एकाच ठिकाणी शंभरेक गेम. ती सोफ्यावर पालथी पडून एकेक उघडून बघत होती आणि मी पेपर तपासत होतो. अचानक एक धून वाजली. तीन-चार सेकंदांचीच, पत्र्यावर खडे पडावेत तशी. माझ्या हातातला लाल पेन थांबला.

"बाबा, हे विमानाचं बघा. तुमच्या वेळचं आहे म्हणे. येतं तुम्हाला?"

वरून दिसणारा समुद्र, खालून वर जाणारं लहानसं विमान, समोरून येणारी शत्रूची विमानं, कोपऱ्यात उरलेल्या बॉम्बचा आकडा. मी फोन हातात घेतला आणि तिसऱ्या पातळीपर्यंत गेलो. मुलगी खूश झाली. "अरे वा, तुम्ही तर चँपियन होता!" ती म्हणाली. मी फोन परत दिला आणि चष्मा पुसत बसलो. मी चँपियन नव्हतो. चँपियन दुसराच होता, आणि त्याचं नाव मी माझ्या हाताने पुसलं होतं. हे मी तोवर कोणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

आज मी यवतमाळला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. आईवडील दोघंही दुसऱ्याच्या वावरात कामाला जात. उमरखेडपासून दहा-बारा किलोमीटरवर आमचं गाव. पाचवीपासून मी एसटीच्या पासवर उमरखेडच्या शाळेत येत असे. शाळा साडेचारला सुटायची आणि आमची गाडी पावणेसहाला लागायची. त्या सव्वा तासात माझं बरंचसं आयुष्य ठरलं असं मला वाटतं.

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एका चाचांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पुढच्या खोलीत त्यांनी दोन खोके ठेवले होते. खोका म्हणजे सुताराकडून करून घेतलेली प्लायवूडची उभी पेटी. आत रंगीत टीव्हीची काच, समोर एक दांडा, दोन बटणं आणि खाली रुपया टाकायची फट. आतला बोर्ड चाचांनी हैदराबादहून आणला होता, पण बाकी सगळी जोडणी त्यांच्या हातची. एका खोक्यात मारामारीचा गेम होता, दुसऱ्यात विमानाचा. शाळेच्या वेळेत कोणी दिसला तर चाचा कान धरून बाहेर काढत. गाडीची वेळ झाली की स्वतः ओरडत, "चलो रे, गाँववाले! गाडी लग गई. मास्तर की मार मेरे सर मत लाओ!"

त्या काळी रोज लाईन जायची. लाईन गेली की खोका सगळं विसरायचा. कोणी कितीही मोठा स्कोर करो, वीज परत आली की पडद्यावर पुन्हा तेच कंपनीचे कोरे आकडे. पोरांची भांडणं व्हायची. "मी काल अडीच लाख केलते!" "हट, तुह्या बापानं केलते का?" शेवटी चाचांनी उपाय काढला. शाळेतला मोडका फळा आणून खोक्याच्या वर टांगला आणि ठरवलं की जो स्कोर त्यांच्या डोळ्यांसमोर होईल तोच फळ्यावर चढेल. पहिली तीन नावं, बस. खोक्याला आठवत नाही ते फळ्याला आठवेल.

चाचा उर्दू वाचायचे, मराठी लिहिणं त्यांना जमत नसे. माझं अक्षर बरं होतं. त्यामुळे फळा लिहायचं काम माझ्याकडे आलं. खेळायला माझ्याकडे रोज रुपया नसायचा, पण खडू माझ्या हातात असायचा. चाचा पाच वाजायच्या सुमाराला अस्रच्या नमाजला मशिदीत जात, तेव्हा दुकानातलं स्टूल मला देऊन जात. "देखते रहना, बेटा." त्या वीस मिनिटांचा मला भारी अभिमान होता. आमच्या घरात कोणावर कोणी दुकान सोडून गेलं नव्हतं.

फळ्यावरचं पहिलं नाव कायम एकाच मुलाचं असायचं. तो माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर. त्याचे वडील मार्केट यार्डात हमाली करायचे. अभ्यासात बेताचा, पण हात असा होता की एका रुपयात तो अर्धा तास विमान उडवत ठेवायचा. मोठी पोरं मागे उभी राहून बघायची. मला खेळायला मिळत नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने एक पद्धत पाडली होती. दांडा आणि गोळीचं बटण त्याच्याकडे, बॉम्बचं बटण माझ्याकडे. तो नुसता "आता!" म्हणायचा आणि मी दाबायचो.

"मलेही दे ना एकदा दांडा," मी म्हणायचो.

"तुह्या हातात दिला तं विमान वावरात उतरवशीन. तू बॉम्ब पाह्य."

फळ्यावर मात्र त्याचं एकट्याचं नाव यायचं. तिन्ही नावं मीच लिहायचो आणि त्यात माझं नसायचं. याचं मला वाईट वाटत होतं हे आज लिहितानाही लाज वाटते. पण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

आमच्या शाळेतले एक सर मला सकाळी शाळेआधी घरी बोलावून गणित शिकवायचे. फी घेत नव्हते. उलट त्यांच्या पत्नी मला पोळीभाजी खाऊ घालायच्या. काकूंकडे गॅस होता. गॅस पेटवायला टिकटिक वाजणारा लांब लायटर होता. आमच्याकडे चूल, त्यामुळे ती वस्तू मी तिथेच पहिल्यांदा पाहिली. सुट्टीत नांदेडहून आलेला एक पोरगा सांगून गेला होता की तसला लायटर रुपयाच्या फटीजवळ धरून दाबला की ठिणगीने खोका फसतो आणि रुपया पडला असं समजतो. पाहिजे तितके डाव फुकट. पोरं हे ऐकून हसली होती, कारण तसला लायटर कोणाच्याच घरी नव्हता. मी हसलो नव्हतो.

नववीत होतो. दिवाळीला तीनेक आठवडे राहिले होते. काकू बाहेर वाळवण काढायला गेल्या तेव्हा मी लायटर उचलून दप्तरात टाकला. दुसऱ्या दिवशी चाचा नमाजला गेले. दुकानात आम्ही दोघंच होतो.

"हे पाह्य," मी म्हणालो.

"कुठून आणला बे?" त्याने डोळे मोठे केले. "ठेव. चाचा पाहीन तं चामडं काढीन."

"एकच डाव. आज मी दांडा धरतो."

"अबे, तुह्याच भरोशावर तं गेले ना चाचा."

मी ऐकलं नाही. फटीशी लायटर धरून दाबला. डाव चढला. पुन्हा दाबला, पुन्हा चढला. मला हसू यायला लागलं. चौथ्यांदा की पाचव्यांदा दाबला तेव्हा आतून कच्चकन आवाज आला. पडद्यावरचा समुद्र आक्रसून एक पांढरी रेघ झाली, मग ठिपका, मग तोही गेला. मागच्या जाळीतून जळक्या वासाचा धूर आला. मी घाबरून लायटर त्याच्या हातात कोंबला. "ठेव, ठेव." त्याने विचार न करता आपल्या दप्तरात घातला. तेवढ्यात पायरीवर चाचांच्या चपला वाजल्या.

चाचा टीव्हीचे कारागीर होते. मागची फळी काढून त्यांनी एकदा वास घेतला आणि त्यांना कळलं. "लायटर मारा किसी ने." त्यांनी आधी त्याचं दप्तर उघडलं. वह्यांच्या मध्ये लायटर होता. माझ्या दप्तराला त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

"कहाँ से लाया?"

तो माझ्याकडे बघत राहिला.

"उसकी तरफ क्या देखता है? उसने सिखाया क्या तुझे?" मग चाचा माझ्याकडे वळले. "तूने देखा था? तूने दिया इसको?"

मी खरं बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी गोष्ट सरांच्या घरी पोचली असती. काकूंचा लायटर चोरणारा पोरगा त्या घरात पुन्हा गणिताला बसला नसता. हे सगळं त्या क्षणी माझ्या डोक्यात नीट मांडून आलं असं मी म्हणणार नाही. पण भीती तीच होती.

"नाही, चाचा," मी म्हणालो.

चाचांनी त्याच्या एक थोबाडीत दिली आणि पुन्हा दुकानाची पायरी चढायची नाही म्हणून सांगितलं. मग काउंटरवरचं ओलं फडकं माझ्या हातात दिलं. "नाम मिटा उसका."

मी स्टुलावर चढलो आणि पहिलं नाव पुसलं. खाली उतरलो तेव्हा तो पायरीवर उभा होता आणि अजून माझ्याकडेच बघत होता. मग गेला.

काकूंनी दोन दिवस लायटर शोधला. "कुठं पडला बाई," म्हणत त्या काडेपेटीवर आल्या. मी त्यांच्या हातची पोळीभाजी खात राहिलो. चाचांनी त्याच्या वडिलांच्या कानावर घातलं. वडिलांनी मारलं, आणि म्हणाले की शाळेत पाठवून चोऱ्याच शिकायच्या असतील तर त्यापेक्षा कामाला लाग. दिवाळीपर्यंत तो माझ्याच बाकावर बसला. मला बोलला नाही आणि माझ्याबद्दल कोणाला काही बोललाही नाही. दिवाळीनंतर बाकावर मी एकटाच होतो. तो एका मोटारी भरणाऱ्याच्या हाताखाली लागल्याचं नंतर कळलं. मोटार भरणं म्हणजे विहिरीवरची जळालेली मोटार उघडून तिच्यात तांब्याची नवी तार गुंडाळून देणं. आमच्याकडे त्या कामाला मरण नाही.

दहावीला मला चांगले मार्क पडले. सरांनी स्वतः यवतमाळला नेऊन अर्ज भरला, वसतिगृह मिळवून दिलं. सर आज नाहीत. मी जो आहे तो त्यांच्यामुळे आणि काकूंमुळे. हे मी प्रत्येक निरोप समारंभात मुलांना सांगतो आणि ते खरं आहे. फक्त लायटरचं त्यात कधी येत नाही.

आणि चाचा. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले. गिऱ्हाइकांना ते सांगत, "ये लडका मेरी दुकान में बैठता था. खोके की अंग्रेजी पढ़-पढ़ के प्रोफेसर बना." तेव्हापासून ते मला "आप" म्हणू लागले. मी उमरखेडला गेलो की त्यांना भेटायचो. चहा व्हायचा. माझ्या बाकावरच्या त्या मित्राचं आता स्वतःचं मोटारी भरायचं दुकान होतं, त्याच रस्त्यावर, पाच दुकानं सोडून. मी नेहमी दुसऱ्या बाजूने जायचो.

या डिसेंबरात चाचांचा फोन आला. त्यांच्या नातवाचं आता तिथे मोबाईलचं दुकान आहे. त्याने माळ्यावरचा जळका खोका काढून, रंगवून, आत नवा बोर्ड बसवला होता. जुने गेम लोकांना पुन्हा आवडतात म्हणे, पोरं फोटो काढायला येतात. "सब हो गया, प्रोफेसर साब," चाचा म्हणाले. "बस, फळा खाली है. आपके हाथ से होना चाहिए. वही पुराने नाम."

मी यवतमाळहून पुसदमार्गे एसटीने गेलो. रस्ताभर ठरवत होतो की तीन नावं कोणती लिहायची. दुसरं आणि तिसरं मला आठवत होतं. पहिल्या जागी दुसऱ्याचं चढवायचं आणि खाली एखादं नवीन घालायचं. कोणाला काय कळणार होतं?

खोका तसाच होता, फक्त रंग भडक. फळाही तोच, डाव्या कोपऱ्यात तुटलेला. चाचा खुर्चीवर बसले होते. त्यांची नजर आता कमी झाली आहे, पण जवळ धरलं तर दिसतं. नातवाने खडू दिला. स्टुलावर चढायची गरज नव्हती, हात पुरला. मी खडू टेकवला आणि हाताने आपोआप पहिलं नाव लिहिलं. मी ठरवून लिहिलं असतं तर अभिमानाने सांगितलं असतं. तसं नव्हतं. त्या जागी मी दुसरं कुठलं नाव कधी लिहिलेलंच नव्हतं.

नातवाने ते मोठ्याने वाचलं. "ये तो मोटरवाले चाचू का नाम है ना?"

चाचांचा चेहरा बदलला. "ये क्यूं लिखा आपने? चोर का नाम. पोंछिए, पोंछिए." आणि त्यांनी नातवाला फडकं आणायला सांगितलं.

नातवाने फडकं माझ्यापुढे धरलं. ते कोरडं होतं, मोबाईलच्या काचा पुसायचं. मी ते घेतलं नाही.

"चाचा, तो चोर नव्हता," मी म्हणालो. "लायटर मी आणला होता."

"क्या?"

"सरांच्या घरून मी उचलला होता. खोक्याला मीच मारला. त्याने फक्त दप्तरात ठेवला, मी दिला म्हणून."

नातू फडकं तसंच धरून उभा होता. मग चाचांनी विचारलं, "उसने नहीं मारा?"

"नाही. तो नको म्हणत होता."

"और मैंने पूछा था तुझे."

"हो."

"आप" गेलं होतं. ते गुडघ्यांवर हात ठेवून जमिनीकडे बघत होते. "तीस साल," ते म्हणाले. "पाँच दुकान पे बैठता है. एक मोटर नहीं भेजी मैंने उसके पास. मेरे अब्बा की मय्यत में आया था वो, कंधा देने. मैंने हटा दिया उसको. सब के सामने." मग त्यांनी वर पाहिलं. "मुझे क्या बताता है? उसको बता. जा."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हाताने दाराकडे दाखवलं.

पाच दुकानं. त्याच्या दुकानाबाहेर चार-पाच जळक्या मोटारी पडल्या होत्या, आत तेलाचा आणि वार्निशचा वास. तो ठेंगण्या बाकावर बसून लाकडी फर्म्यावर तार गुंडाळत होता. केस पांढरे झालेले, बोटं तीच. मला बघून त्याने ओळखलं, पण हात थांबला नाही. ओठ हलत होते. "छत्तीस, सदतीस, अडतीस..." वेढे मोजताना थांबलं तर कॉइल वाया जाते. म्हणून मी उभा राहिलो. ऐंशीवर त्याने तार तोडली, पीळ दिला आणि कॉइल बाजूला ठेवली.

"बोला, सर," तो म्हणाला.

हे "सर" मला लागलं. मी सांगितलं की आत्ताच चाचांना सगळं सांगून आलो.

"सगळं म्हंजे?"

"लायटरचं."

त्याने चिंधीने हात पुसले. "आज काहून सांगतलं?"

"फळ्यावर तुझं नाव लिहिलं. ते पुसा म्हणाले."

"मंग पुसायचं व्हतं. एकदा पुसलं तं दुसऱ्यांदा कायले जड गेलं?" तो हसला, पण ते हसणं माझ्यासाठी नव्हतं. "फळा मिरवासाठी सांगतलं तू. माह्यासाठी नाही."

मी म्हणालो, "तू तेव्हा बोलला का नाहीस? मला वाटायचं की तू मला वाचवलंस. माझी शाळा..."

"वाचवलं?" त्याने माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "मी कायले वाचवू तुले? मी वाट पाहून राह्यलतो. आता बोलन, मंग बोलन. माहा दोस्त व्हय, बोलनच. दिवाळीपर्यंत रोज बाकावर बसून वाट पाह्यली म्या. मंग कटाळा आला."

तीस वर्षं मी त्याच्या गप्प राहण्याला त्याग समजत आलो होतो. मनातल्या मनात त्याचे आभारही मानले होते. आभार मानले की झोप बरी लागते. त्याने काहीच दिलं नव्हतं. मी घेतलं होतं, आणि तो फक्त माझ्या तोंडाकडे बघत होता.

"चल, नाव तसंच आहे फळ्यावर," मी कसंबसं म्हणालो. "एकदा येऊन बघ तरी."

"उद्या ओलिताले मोटार पाह्यजे एकाले. काम हाय." त्याने नवी तार फर्म्यावर चढवली. "तुही गाडी सुटन. जा."

मी पायरी उतरलो. रस्त्यावर आलो तर समोरून चाचा येत होते. एका हातात काठी, दुसरा हात भिंतीला लावत. नातू मागून "दादाजान, रुको, मैं लाता हूँ उनको," म्हणत होता आणि ते त्याला झटकत होते. माझ्या अगदी जवळून गेले. मी बाजूला झालो. त्यांनी मला पाहिलं की नाही, माहीत नाही. नजर कमी आहे त्यांची. असं मी स्वतःला सांगितलं आणि लगेच ते सांगणं थांबवलं.

ते त्याच्या पायरीशी जाऊन थांबले. आतून आकडे ऐकू येत होते. "बारा, तेरा, चौदा..." चाचा कारागीर माणूस. मोजणीत बोलायचं नसतं हे त्यांना माहीत होतं. ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले.

तिथे थांबून ऐकायचा मला हक्क नव्हता. मी बसस्टँडकडे चालू लागलो. गल्लीच्या वळणापर्यंत आकडे येत होते. एकतीस, बत्तीस. मधे थांबले नाहीत.